‘नवीन आहेस? मग वॉरियर घे’ : या सल्ल्याचं मूळ

फँटसी रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदाच सुरू केलाय, समोर क्लासची, म्हणजे पात्राच्या प्रकारांची, यादी आहे आणि काहीच कळत नाहीये. अशा वेळी कुणालाही विचारा, बहुतेकदा एकच उत्तर येतं : ‘वॉरियर घे, मेज नंतर बघू.’ वॉरियर म्हणजे लढवय्या, मेज म्हणजे मांत्रिक. हा सल्ला व्हिडिओ गेमच्या आधीपासूनचा, टेबलावरच्या फाशांमधून आलेला आहे.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा टेबलावरचा खेळ आला, तेव्हा त्यात क्लास तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक (धर्मगुरू). चोर आला पुढच्या वर्षी, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. हिट पॉइंटसाठी, म्हणजे पात्रात किती जीव आहे हे ठरवायला, कुणी कोणता फासा टाकायचा, हेही त्याच पुरवणीने क्लासनुसार वेगळं केलं. लढवय्याला आठ बाजूंचा, क्लेरिकला सहा, मांत्रिकाला आणि चोराला फक्त चार. म्हणजे मांत्रिकाला एकाचं दान पडलं, की त्याचा एकूण जीवच एक पॉइंटचा. अंगावर चिलखत चालत नाही, हत्यार म्हणून फार तर खंजीर, आणि पहिल्या लेव्हलला दिवसाला मंत्र एकच. तो झोपेचा मंत्र टाकून समोरचे गॉब्लिन आडवे केले, की उरलेला दिवस दुसऱ्याच्या ढालीमागे लपून काढायचा. वर पुढची लेव्हल गाठायला त्याला 2500 अनुभवगुण लागायचे, लढवय्याचं 2000 मध्ये भागायचं.

हा काही मांत्रिकावरचा राग नव्हता. या खेळाचा जन्म लुटुपुटीच्या सैनिकांच्या युद्धखेळातून झाला आणि त्याच्या आधीच्या ‘चेनमेल’मध्ये (1971) जादूगार जवळपास तोफखान्याचंच काम करायचा. तोफ लांबून धूळधाण उडवते, पण कुणी अंगाशी येऊन भिडलं तर तिचा काही उपयोग नाही.

कॉम्प्युटरने हा हिशेब तसाच उचलला. ‘विझर्ड्री’त (1981) सहा जणांची टोळी असायची. पुढचे तिघे मार खाणार, मागचे तिघे मंत्र टाकणार. ‘फायनल फँटसी’त (1987) चौघे. टोळी असल्यामुळे चुकीच्या निवडीचा फटका वाटला जायचा. एकट्याने उतरायचं असेल तर मात्र पंचाईत. ‘अल्टिमा 4’ने (1985) तर निवडच खेळाडूच्या हातून काढून घेतली : एक जिप्सी बाई नैतिक पेचाचे प्रश्न विचारायची आणि उत्तरांवरून क्लास ठरायचा. नम्रतेच्या बाजूने कौल गेला तर तुम्ही मेंढपाळ, म्हणजे यादीतला सगळ्यात दुबळा गडी. मला हा विनोद अजून आवडतो. 1996च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’त नायक एकच, पर्याय तीन : वॉरियर, रोग (चोर) आणि सॉर्सरर (मांत्रिक). ‘वॉरियर घे’ हे उत्तर इथे खऱ्या अर्थाने चपखल बसलं.

ऑनलाइन जमान्यात ते डळमळीत झालं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (2004) पाच जणांनी मिळून उतरायच्या डंजनमध्ये (राक्षसांच्या भुयारात) वॉरियर घेतलात म्हणजे बहुधा टँक, म्हणजे सगळ्यांचा मार अंगावर घेणारा, तुम्हीच. रस्ता तुम्हाला माहीत हवा, राक्षस तुमच्याकडेच वळलेले हवेत, आणि कुणी मेलं तर बोल आधी तुम्हालाच. एकट्याने शिकणाऱ्याला हंटर (शिकारी) सोयीचा, कारण पाळलेलं जनावर (सुरुवातीच्या काळात ते दहाव्या लेव्हलपासून मिळायचं) पुढे जाऊन मार खातं आणि मालक लांबून बाण सोडत राहतो. ‘डार्क सोल्स’ने (2011) हिशेब पारच उलटवला. तलवारवाल्याला शत्रूच्या घावाखाली उभं राहून ढाल आणि लोळणीचं टायमिंग शिकावं लागतं. पायरोमॅन्सरच्या, म्हणजे आगीचे मंत्र टाकणाऱ्याच्या, आगीचा मारा मात्र कुठल्याच गुणावर पॉइंट न घालताही वाढतो, फक्त हातातली ज्योत वाढवत न्यायची. नवख्यांना तोच घ्या म्हणून सांगणारे बरेच भेटतात आणि माझ्या मते ते बरोबर सांगतात.

तरी जुना सल्ला टिकला, कारण निवड बदलता येत नसे. ‘डायब्लो 2’ 2000 साली आला आणि चुकीच्या स्किलमध्ये घातलेले पॉइंट परत मिळायला खेळाडूंना 2010च्या पॅचपर्यंत (गेममधल्या दुरुस्तीपर्यंत) थांबावं लागलं. आता ती धास्तीही गेली. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये (2023) बारा क्लास आहेत. मांत्रिकाला लहान मंत्र हवे तितक्या वेळा टाकता येतात, त्यामुळे तो रिकाम्या हाताने कधीच उभा राहत नाही. आणि नाहीच पटला, तर तळावर विदर्स नावाचा हाडकुळा म्हातारा 100 सोन्याच्या नाण्यांत अख्खा क्लास बदलून देतो.