डिटेक्टर प्रणालीची चाचणी (खगोलीय वर्णपटलेखक)

वर्णपटलेखक दुर्बिणीवर चढवण्यापूर्वी त्याचा डिटेक्टर (प्रकाश टिपणारी चिप), त्याला थंड ठेवणारा क्रायोस्टॅट, नियंत्रक आणि केबली एकत्र जोडून प्रयोगशाळेत केलेली मापने. सुटी चिप कितीही सरस असली, तरी सदोष अर्थिंग तिच्यावर पाणी फिरवू शकते. म्हणून सगळी साखळी एकदम तपासतात.

वर्णपटलेखकात प्रकाश तरंगलांबीनुसार हजारो पिक्सेलांवर पांगतो. अंधुक दीर्घिकेचा वर्णपट घेताना एकेका पिक्सेलच्या वाट्याला मोजकेच फोटॉन येतात. अशा वेळी वाचनाचा नॉइज (भार मोजताना इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारी अनियमित चढउतार) आणि अंधारातही साठत जाणारा विद्युतभार खऱ्या संकेताला झाकून टाकतात. साहजिकच चाचणीचा मोठा भाग काळोखात पार पडतो. सीसीडी (सिलिकॉनची प्रकाशसंवेदी चिप) साधारणतः उणे १०० अंश सेल्सिअसच्याही खाली थंड करून शून्य उद्भासनाच्या (प्रकाश टिपण्याचा कालावधी शून्य) आणि दीर्घ उद्भासनाच्या प्रतिमा घेतात. त्यांत तिरपे पट्टे दिसले, तर संशय बहुधा पंपावर किंवा वीजपुरवठ्यावर जातो. क्रायोस्टॅटमधील काही निर्वातमापक स्वतःच मंद प्रकाश देतात. ते बंद करायचे राहिले, तर चिप विनाकारण बदनाम होते.

पुढची पायरी एकसारख्या प्रकाशाची. प्रत्येक प्रकाशपातळीला दोन प्रतिमा घेऊन त्यांची वजाबाकी करतात आणि सरासरी संकेताच्या तुलनेत प्रचरण (मूल्यांतील विखुरणीचे माप) किती वाढते ते पाहतात. या एकाच आलेखातून प्रणालीचा गेन (इलेक्ट्रॉनांची संख्या आणि नोंदलेला आकडा यांतील प्रमाण), वाचनाचा नॉइज आणि पिक्सेलची धारणक्षमता हाती येते. ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. लोह-५५ या किरणोत्सर्गी स्रोताचे क्ष-किरणही वापरतात: ५.९ केईव्ही ऊर्जेचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे १,६२० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, त्यामुळे तयार मापदंड मिळतो. वाचनासाठी भार एका पिक्सेलमधून दुसऱ्यात सरकताना किती गळतो, हेही त्यावरून कळते. दर सरकवणीला ०.००१ टक्का गळती नगण्य वाटते. ४,००० सरकवण्यांनंतर ती ४ टक्क्यांच्या आसपास जाते. ग्रहशोधकांना हे परवडत नाही. चिलीतील ला सिया येथील हार्प्स या ग्रहशोधक वर्णपटलेखकात, ग्रहाच्या ओढीने ताऱ्याच्या वेगात पडणाऱ्या सेकंदाला १ मीटर फरकाने वर्णरेषा जेमतेम एक सहस्रांश पिक्सेल हलते, आणि मागे रेंगाळलेला भारही रेषेला तसाच खोटा धक्का देतो.

एकदा उत्तीर्ण झालेला डिटेक्टर कायम उत्तीर्ण राहतो, असे मात्र नाही. जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेक उपकरणासाठी पारा-कॅडमियम-टेल्युराइडचे अवरक्त डिटेक्टर बनवले होते. साठवणुकीनंतर पुन्हा तपासता त्यांत सदोष पिक्सेल वाढत चालल्याचे आढळले. पिक्सेलच्या जोडणीतील रोधक थराची रचनाच चुकली होती. जोडणीतील इंडियम हा धातू हळूहळू संवेदक पदार्थात झिरपत होता. रचना सुधारून नवे डिटेक्टर बनवले गेले आणि २०२१ च्या उड्डाणापूर्वीच ते उपकरणात बसवण्यात आले. अवकाशात गेल्यावर ही दुरुस्ती अशक्य होती.

पुण्याच्या आयुका संस्थेने आयडीसॅक हा सीसीडी नियंत्रक विकसित केला आहे. त्यात प्रत्येक पिक्सेलच्या संकेताचे अनेक अंकीय नमुने घेऊन नॉइज कमी करण्याचे गणित अंकीय स्वरूपातच करतात. त्यामुळे चाचणीत दोष दिसला, तर बहुतेकदा सर्किटला हात न लावता नमुन्यांची निवड बदलून पाहता येते.