मोटारसायकलच्या सदोष टायरचा क्लेम : पात्रता, कागदपत्रे आणि ग्राहक आयोगापर्यंतची प्रक्रिया

नवीन टायर बसवून वर्षही उलटलेले नसताना त्याच्या बाजूला तडे दिसू लागतात, एखाद्या ठिकाणी फुगा येतो किंवा वरचा नक्षीचा थर आतल्या कापडापासून सुटू लागतो. अशा वेळी बहुतेक गाडीमालक पंक्चरच्या दुकानात तो टायर काढून तिथेच टाकतात आणि पदरचे पैसे घालून दुसरा बसवतात. टायर हातातून गेला की दावाही जवळजवळ हातातून जातो, कारण या तक्रारीत बिलापेक्षाही मोठा पुरावा खुद्द टायर असतो. म्हणून दोष दिसताच टायर गाडीवर असतानाच त्याची छायाचित्रे घ्यावीत, कंपनीचे नाव, मापाचा आकडा आणि अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतील असे पाहावे, ओडोमीटरवरील किलोमीटर टिपून ठेवावेत आणि त्यानंतरच टायर उतरवावा. पुरावा जपायचा म्हणून त्याच टायरवर गाडी चालवत राहणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार आतले कापड उघडे पडलेला किंवा थर सुटण्याची चिन्हे असलेला टायर रस्त्यावर चालवण्यायोग्य धरला जात नाही, आणि दुचाकीला तर तोल सांभाळायला तिसरे चाक नसते.

कोणता दोष दाव्यात बसतो

दावा मंजूर होणे न होणे प्रामुख्याने एकाच प्रश्नावर ठरते : दोष कारखान्यातला आहे की वापरातला. थर सुटणे, जोडाची रेघ उघडणे, आत हवा अडकून फोड येणे, रिमवर बसणाऱ्या कडेतील तार बाहेर येणे हे सहसा निर्मितीदोष मानले जातात, मात्र कडेची तार टायर बसवताना पहारीने दुखावली असेल तर कंपनी तो दोष बसवणाऱ्याच्या माथी मारते. बाजूला आलेल्या फुग्याबाबत वाद जास्त होतात, कारण खड्ड्याच्या कडेवर जोरात आदळल्याने आतले दोरे तुटूनही तसाच फुगा येतो. कमी हवेवर दीर्घकाळ गाडी चालवल्यास बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि तिथे गोलाकार भेगा पडतात. कंपनीचा तपासनीस प्रथम याच खुणा शोधतो.

बारीक जाळीदार तड्यांचे कारण अनेकांना ठाऊक नसते. रबरावर हवेतील ओझोनचा परिणाम होतो आणि तो रोखण्यासाठी मिश्रणात मेण व अन्य रक्षक द्रव्ये घातलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो आणि त्या हालचालीने ही द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. त्यामुळे महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिलेली गाडी कमी चालूनही तिचा टायर लवकर तडकतो. जुन्या टायरवरील असे तडे कंपन्या दोष मानत नाहीत. परंतु दुकानदाराने आधीच कित्येक वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून विकला असेल, तर जबाबदारीचा प्रश्न त्याच्याकडे वळतो. यासाठी टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण वाचावी : पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२२ याचा अर्थ २०२२ सालचा २३ वा आठवडा. ही खूण विकत घेतानाच पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. दुचाकीच्या टायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६२७ हा मानक क्रमांक असणेही बंधनकारक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो.

दावा कोण करू शकतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक असतेच, शिवाय तिच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक ठरते. म्हणून बिल वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलगी चालवते, एवढ्यावरून तिची तक्रार बाद होत नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या किंवा दूध, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या माणसाचे पोट त्याच्या दुचाकीवर चालते, तेव्हा ‘धंद्याची गाडी आहे’ या उत्तरावर त्याने माघार घेऊ नये. कंपनीच्या वॉरंटीच्या अटी मात्र वेगळ्या असतात आणि त्या वॉरंटीपत्रावरच वाचाव्या लागतात. नोंदणीकृत मापाऐवजी दुसऱ्या मापाचा टायर बसवलेला असणे, शर्यतीसाठी वापर किंवा नक्षी झिजमर्यादेच्या खुणेपर्यंत उतरलेली असणे, अशा कारणांनी दावा नाकारला जाऊ शकतो.

आधी विक्रेता आणि कंपनी

गाडीसोबत आलेल्या टायरबाबत लोक गाडीच्या शोरूममध्ये जातात आणि तिथून परत पाठवले जातात. गाडीच्या वॉरंटीत टायर व बॅटरी सहसा समाविष्ट नसतात आणि त्यांची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते. त्यामुळे असा टायर त्याच कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे, गाडीच्या खरेदीचे बिल, नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्व्हिस पुस्तिका घेऊन ‘क्लेमला टाकावा’ लागतो. सुटा विकत घेतलेला टायर असेल, तर जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, शिक्का मारलेले वॉरंटीपत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र एवढे पुरते. बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घेतलेला असल्यास पुढची निम्मी कटकट वाचते. बिल मागूनही दिले नसेल तर ती अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तेवढ्यावरूनही तक्रार करता येते.

टायर ताब्यात देताना लेखी पोच घ्यावी, हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. त्या पोचेवर तारीख, टायरचा अनुक्रमांक, शिल्लक नक्षीची खोली, तक्रारीचे स्वरूप आणि दावा क्रमांक असावा. कंपनीचा अभियंता टायर तपासतो, प्रसंगी कापूनही पाहतो. दावा मान्य झाल्यास पूर्ण किंमत क्वचितच मिळते, कारण शिल्लक नक्षीच्या प्रमाणात सूट देऊन उरलेली रक्कम ग्राहकाकडून घेण्याची पद्धत आहे. हिशेब कसा केला ते लिहून मागावे. दावा नाकारल्यास कारणासह तपासणी अहवाल घ्यावा आणि टायर परत मागावा. माझ्या ओळखीतील एका गृहस्थांना ‘गाडी आदळली आहे’ एवढेच तोंडी सांगण्यात आले आणि टायर ‘कंपनीत जमा झाला’ असे कळले. हातात ना कागद ना टायर, त्यामुळे पुढे दाद मागायला त्यांच्याजवळ काहीच उरले नाही. दुसरा टायर खुशाल विकत घ्यावा, पण तडजोडीच्या कागदावर ‘कोणतीही तक्रार उरली नाही’ असे वाक्य असेल तर सही करण्यापूर्वी ते नीट वाचावे.

हेल्पलाइन आणि जिल्हा आयोग

कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे निकाल दिला जात नाही, मात्र तक्रार कंपनीपर्यंत अधिकृतपणे पोहोचवली जाते, आणि किरकोळ रकमेची प्रकरणे इथेच मिटू शकतात. त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी. तीत खरेदीची तारीख, दोष, घडलेला पत्रव्यवहार, मागणी आणि उत्तरासाठी मुदत लिहावी, आणि पोचपावती जपून ठेवावी.

यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. दाव्याचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या टायरसाठी लातूरच्या माणसाला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, म्हणजे टायरच्या तक्रारीला ते लागतच नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. तक्रार अर्जासोबत शपथपत्र, बिल, वॉरंटीपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, पोच, तपासणी अहवाल, छायाचित्रे, नोटीस व तिची पोचपावती या क्रमाने, पाने क्रमांकित करून जोडावीत, आणि विरुद्ध पक्षांसाठी स्वतंत्र प्रती ठेवाव्यात.

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारणतः २१ दिवसांत ठरते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीचा खर्च तक्रारदाराला आधी भरावा लागू शकतो. इथेच जपून ठेवलेला टायर कामी येतो, म्हणून तो धुऊन, तेल किंवा चकाकीचे द्रव न लावता, सावलीत झाकून ठेवावा. तपासणीची गरज असलेले प्रकरण ५ महिन्यांत आणि नसलेले ३ महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची मनाशी तयारी ठेवावी. दोष सिद्ध झाल्यास टायर बदलून देणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च असे आदेश आयोग देऊ शकतो. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

टायर फुटून अपघात झाला आणि कोणी जखमी झाले, तर प्रकरण केवळ किमतीचे राहत नाही. कायद्याच्या सहाव्या प्रकरणातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार इजेची भरपाई मागता येते आणि त्यासाठी पोलीस पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे व उपचारांची बिले जोडावी लागतात. अशा वेळी गाडी पोलिसांकडे जमा होते. ती सोडवून घेताना टायर गाडीवरच आहे की काढून ठेवला आहे याची नोंद पंचनाम्यात आहे ना, हे तिथेच वाचून घ्यावे.