वळचणीपासून पायापर्यंत

वादळात पत्रे उडाले की वाऱ्याने ते ढकलले असं वाटतं. बहुतेक वेळा ते वर ओढले गेलेले असतात. वळचणीच्या कडेवर वारा आदळला की प्रवाह छपरापासून सुटतो, तिथे भोवरे फिरू लागतात आणि पत्र्यावरचा दाब एकदम उतरतो. वाऱ्याच्या दाबाचा हिशोब सोपा आहे: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर, म्हणून दाब १५०० पास्कल. दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोंचा भार. कोपऱ्यांत ओढ याच्या दुप्पटही होते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम पाच किलो! छपरावर दगड ठेवून काय होणार?

पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या आडव्या पट्ट्या, एक मीटरवर आणि स्क्रू ३० सेंटीमीटरवर असतील, तर कोपऱ्यातल्या एका स्क्रूवर ९० किलो येतात. स्क्रू १५ सेंटीमीटरवर घ्या, ४५ होतील. म्हणून वळचण, आढं आणि कडा इथे स्क्रू दाट हवेत. मधल्या भागात विरळ चालतात. स्क्रू बहुधा उपटत नाही, पत्राच त्याच्या डोक्यावरून फाटून निघतो, म्हणून रुंद वॉशर लावायचा. तो इतका आवळू नये की पन्हळीचा उंचवटा चेपेल.

झोतामागून झोत येतात, पत्रा वर-खाली होतो आणि स्क्रूच्या भोकाभोवती बारीक चिरा पडतात. १९७४ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात ट्रेसी वादळात असंख्य छपरं धातूच्या याच थकव्याने गेली. तोवर चाचण्या एकदाच भार लावून होत.

पत्रा टिकला की ओढ वाशावर येते, तिथून भिंतीवर. वासा वरून खिळा ठोकून बसवला असेल, तर खिळा ठोकला त्याच दिशेने उपसून येतो. लोखंडी पट्टी वाशावरून वळवून दोन्ही बाजूंनी आडवे खिळे मारले, तर तोच खिळा उपसला न जाता आडवा भार घेतो आणि कितीतरी पट धरतो. पुढे भिंतीवरची तुळई खांबाच्या सळईला आणि खांब पायाला जखडलेला हवा. यातला एक सांधा ढिला राहिला की बाकीचे पक्के असून उपयोग नाही.

आकारात चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा सरस. उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा, कारण सपाट पाख्यावर ओढ जास्त. वळचण अर्ध्या मीटरपेक्षा पुढे काढू नये, तिला खालूनही वारा उचलतो. ओटीचं छप्पर वेगळंच बांधलेलं बरं, उडालं तर एकटं उडेल. आणि वाऱ्याच्या तोंडची खिडकी फुटली की घर आतून फुगतं. वरून ओढ, खालून रेटा. खिडक्यांना भक्कम झडपा लावणं हेही छपराचंच काम आहे.