कारचा फॅन फिरत नाही: मोटर गेली की करंट पोचत नाही?

नाशिकला द्वारकेच्या कोंडीत गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो, आडगाव ओलांडून मोकळा रस्ता लागला की आपसूक खाली येतो. या तक्रारीमागे बहुतेक वेळा रेडिएटरचा फॅनच असतो. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनच देतो. उलट, हायवेला ऐंशीच्या वेगातही काटा चढत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप यांच्याकडे बघा.

घोळ होतो तो यानंतर. फॅन फिरत नाही म्हणजे मोटर गेली, असं धरून नवी मोटर बसवली जाते. कधी काम होतं, कधी नवी मोटरही जुनीसारखीच गप्प बसते. कारण मोटर मेलेली असणं आणि ठणठणीत मोटरला करंटच न मिळणं, हे दोन्ही बिघाड बाहेरून सारखेच दिसतात. मोटर काही हजारांत येते, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काहीशे रुपयांत. म्हणून आधी दोघांतला कोण, ते ठरवा.

सर्वांत सोपी तपासणी एसीची. इंजिन चालू करून एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लागला की थोड्या वेळात फॅनही सुटतो, इंजिन थंड असलं तरी. एसीवर फिरतो पण काटा चढल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर जिवंत आहे. दोष तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला शोधायचा. दोन फॅन असतील तर नेमका कोणता फिरतोय ते मात्र नीट बघा. आणि एसीत गॅसच नसेल तर या तपासणीवरून काहीच ठरत नाही.

पक्कं उत्तर मिळतं ते वायरमन मंडळींच्या भाषेत ‘डायरेक्ट’ करून. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढायचा, फ्यूज लावलेल्या जाड वायरीने मोटरच्या दोन पिनांना थेट बॅटरीचा करंट द्यायचा. फिरली तर मोटर निर्दोष. बोटं, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवा. कंट्रोल मॉड्यूल आणि तीन-चार वायरी असलेल्या मोटरवर हा प्रयोग करू नका, ती स्कॅनर असलेल्याकडेच न्या.

मेलेल्या मोटरच्या खुणा थोड्याच आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढून पातं हाताने फिरवा. जड जात असेल तर बुश किंवा बेअरिंग धरलंय. फॅन चालू असायला हवा तेव्हा मोटरवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं आणि ती फिरायला लागली, तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. आज ठोकून चालली तरी पुढच्या ट्रॅफिक जाममध्ये ती दगा देणारच.

करंटची बाजू मात्र गुंतागुंतीची. फ्यूज उडालेला दिसला की लोक नवा टाकून मोकळे होतात. फॅनचा फ्यूज साधारण 30 किंवा 40 अँपिअरचा असतो आणि तो विनाकारण उडत नाही. बऱ्याचदा जाम झालेली मोटर जादा करंट ओढते, म्हणून उडतो. इथे दिसतो इलेक्ट्रिकचा बिघाड, असतो मोटरचा. पुन्हा उडाला म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं म्हणजे वायरिंग जाळायचं आमंत्रण.

याच्या नेमकं उलट उदाहरण कपलरचं. मल्टिमीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, तरी मोटर हलत नाही; लगेच निकाल लागतो, मोटर गेली. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. कपलरची एखादी पिन तापून काळी पडलेली असते, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेलं असतं. एवढ्या बारीक जागेतून मीटरपुरता करंट जातो, मोटरपुरता जात नाही. मीटरऐवजी हेडलाइटचा जुना बल्ब लावून बघा. तो मंद पेटला तर दोष पिनेत किंवा अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वायरीत). मला विचाराल तर हा बल्ब मीटरपेक्षा खरं बोलतो.

रिले तपासायला त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून लावा. टक् असा आवाज आला म्हणून रिले चांगला, असं समजू नका. आतले पॉइंट जळलेले असले तरी आवाज येतो.

सेन्सरच्या बाबतीत जुन्या-नव्या गाडीचा फरक लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांत साधा थर्मो स्विच असायचा. त्याच्या दोन वायरी जोडल्या की फॅन सुटायचा. आजच्या गाडीत सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमान कळवतो आणि रिलेला हुकूम ईसीयू देतो. तिथे वायरी जोडायच्या नाहीत, कपलर नुसता काढायचा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून लगेच फॅन सुरू करतो, चेक इंजिनचा दिवाही लावतो. सुरू झाला तर मोटर, रिले, वायरिंग सगळं ठीक, सेन्सर बदला. पण त्याआधी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, कूलंटची (रेडिएटरमधल्या पाण्याची) पातळी बघा. कूलंट कमी असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो, इंजिन उकळत असताना काटा खालीच दाखवतो, आणि फॅनला हुकूम जातच नाही. यात ना मोटरचा दोष, ना सेन्सरचा.

डॅशबोर्डवर बटण बसवून फॅन कायमचा डायरेक्ट करून देणारेही भेटतात. त्या दिवशी घरी जाण्यापुरतं ठीक. कायम नको, बटण दाबायचं एकदा राहून गेलं तर इंजिन तापून हेड गॅस्केटवर (इंजिनच्या आतल्या सीलवर) येतं.

आणि कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगत असताना काटा चढलाच, तर पुन्हा हाच फरक कामाला येतो. एसीवर फॅन फिरतो हे माहीत असेल तर काट्यावर नजर ठेवून एसी चालू ठेवून बघा, त्या निमित्ताने रेडिएटरला वारा मिळतो. मोटरच मेलेली असेल तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, खिडक्या खाली. तरीही काटा लालकडे सरकला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.