लोकरॉक

गिटार, बास आणि ड्रम या रॉकच्या वाद्यमेळात लोकगीतांच्या चाली आणि रागदारी मुरवून केलेले भारतीय संगीत. त्यातला एक ठळक टप्पा म्हणजे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम, जो एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीने १९९३ साली काढला. सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी १९९० मध्ये बँड सुरू केला आणि पुढच्या वर्षी राहुल राम बास घेऊन त्यांच्यात आले.

या मिश्रणाकडे पाहण्याची नजर मराठवाड्याकडे फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात संगीताचे मार्गी व देशी असे दोन भेद सांगितले. शास्त्राच्या वाटेने जाते ते मार्गी. त्या त्या मुलखातल्या माणसांच्या आवडीने चालते आणि त्यांचे मन रमवते ते देशी. लोकरॉकची बरी व्याख्या करायची तर आजही दौलताबादच्या किल्ल्याखालूनच सुरुवात करावी लागते.

१९९३च्या त्या अल्बमचे मोठेपण तालात आहे. त्यात शब्दांपेक्षा वाद्यांवर भर आहे आणि तबला शोभेला ठेवलेला नाही. गिटार रागाच्या अंगाने फिरते, एक स्वरवाक्य पुन्हा पुन्हा घोळवते आणि तबला तिला कधी अडवतो, कधी वाट देतो. पुढे अनेकांनी तयार रॉक गाण्यावर वरून ढोलकी लावली, आणि ती वरचीच राहिली. २००८ साली आलेल्या ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या बँडच्या पहिल्या अल्बमने मात्र कर्नाटकातले संतकवी शिशुनाळ शरीफ यांच्या कन्नड पदांचा बाज जपला.

गोंधळ ऐकत वाढलेल्याला ही बांधणी ओळखीची वाटते. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांच्या गोंधळात संबळच गाणे चालवतो. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली लहानमोठी दोन तोंडे, कमरेला लावलेली. मोठ्यातून खर्ज निघतो, लहानातून टीप. दोन काड्यांपैकी एकीचे टोक वळवलेले असते. शेजारी झांज आणि एकतारी तुणतुणे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी हा गोंधळ अंगणातून रंगमंचावर नेऊन मानाचा केला.

हे सगळे रॉकमध्ये आणताना खरी अडचण मात्रांची येते. गोंधळाची चाल बहुधा दादऱ्याच्या अंगाची, सहा मात्रांत झुलणारी. रॉकचा ड्रमवाला सवयीने चारांत चालतो. त्याने सरळ चारचा ठेका धरला की गोंधळातला झोल मरतो आणि उरते ती मिरवणूक. दुसरी अडचण पट्टीची. गोंधळी तुणतुण्याची खुंटी पिळून तार आपल्या गळ्याला लावतो. ती पट्टी पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येही पडू शकते. अशा वेळी गिटारच्या सहाही तारा त्याच्याप्रमाणे लावून घ्याव्यात. त्याचा गळा गिटारकडे ओढला, की रात्रभर जागर करणारा तो मोकळा आवाज आक्रसतो.

श्रेयाचा प्रश्न याहून जड आहे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. तिथल्या खोऱ्यात ऐकलेले ‘मा रेवा’ हे गाणे बँडच्या २०००च्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये आले आणि नर्मदाकाठ त्या गाण्यासोबत सगळीकडे पोचला. सर्वच लोकगीतांच्या वाट्याला हे येत नाही. चाल ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव, गाव न लिहिता नुसते ‘पारंपरिक’ असे छापले जाते. ज्या घराने चार पिढ्या ती चाल गळ्यात सांभाळली, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे.

संबळाइतकेच हलगीचेही बँडना आकर्षण आहे. मराठवाड्यात वराती आणि जत्रा गाजवणाऱ्या या वाद्याचे कातडे दमट हवेने सैल पडते, म्हणून वादक वाजवण्याआधी ते जाळावर शेकतात. अंगठ्याने दाबून, कानाशी धरून एक टिचकी मारतात, पुन्हा शेकतात. बंद सभागृहात जाळ करता येत नाही. त्यामुळे फायबरच्या पानाची हलगी पुढे आली. तिला शेक लागत नाही. पण कातड्याचा तो तडाखा आणि त्यामागे रेंगाळणारी आस तिच्यात नाही.