वीज पडल्यावरची तपासणी आणि उपचार

वीज अंगावर पडली की माणूस जळून कोळसा होतो असं अनेकांना वाटतं, पण दगावणारे ढोबळमानाने १० टक्केच असतात. वीज अगदी क्षणभरच असते आणि तिचा बराचसा प्रवाह त्वचेवरूनच निघून जातो, त्यामुळे हाय व्होल्टेज तारेच्या शॉकसारखं खोल भाजणं क्वचित दिसतं, खरा मार बसतो तो हृदय, मेंदू आणि नसांना. थेट अंगावर पडण्यापेक्षा जमिनीतून पसरलेल्या किंवा झाडावरून उडी मारून आलेल्या प्रवाहाने जखमी होणारे जास्त.

सगळ्यात महत्त्वाचं, श्वास. धक्क्याने हृदय थांबतं, पण त्याची स्वतःची लय असल्याने बरेचदा ते आपोआप सुरू होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मात्र त्यानंतरही बंद राहू शकतं, मग ऑक्सिजन संपतो आणि हृदय पुन्हा बंद पडतं, ते परत आणणं फार अवघड. म्हणून एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल तर जिवंत दिसणाऱ्यांना आधी बघायचा नेहमीचा क्रम उलटा करतात, कण्हणारे थांबू शकतात, जे मेल्यासारखे पडलेत त्यांना आधी सीपीआर (छाती दाबून हृदय चालवणं) आणि कृत्रिम श्वास. अंगात करंट राहत नाही, बिनधास्त हात लावावा. बाहुल्या मोठ्या होऊन स्थिर झाल्या म्हणजे माणूस गेला असंही नाही. विजेने पेशींचं कामकाजच तात्पुरतं थांबतं म्हणून उशिरानेही माणूस परत येतो, असं एक जुनं मत आहे आणि अमेरिकी हृदयतज्ज्ञ हेलन टाऊसिग यांच्या १९६८ च्या लेखामुळे त्याला वजन आलं. पण त्याला पुरावा मिळालेला नाही, श्वासाचं स्पष्टीकरणच जास्त पटतं.

हॉस्पिटलात ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी), गरजेप्रमाणे हृदयाचा मॉनिटर, बेशुद्धी असेल तर डोक्याचा सीटी, फेकला गेला असेल तर मणक्याची खात्री होईपर्यंत मान स्थिर, गरोदर बाई असेल तर बाळाचे ठोके. कानाचे पडदे बघायचेच, ते बरेचदा फाटलेले असतात. पाय निळे, थंड, नाडी लागत नाही, हलतही नाहीत, असं दिसलं की आतला दाब मोकळा करायला घाईने चिरा देऊ नयेत, हा फ्रेंच मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी वर्णन केलेला तात्पुरता लकवा असू शकतो आणि तो सहसा काही तासांत उतरतो. सलाइनही भाजलेल्या रुग्णासारखं धो धो देत नाहीत.

कातडीवर कधी नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते. तिला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांचं नाव आहे, पण त्यांनी १७७७ च्या सुमारास जे पाहिलं ते विद्युतभारित पृष्ठभागावरच्या धुळीतले आकार होते, माणसाची कातडी नव्हे. नक्षी नेमकी कशी होते यावर एकमत नाही. कोणी त्वचेखाली झिरपलेल्या रक्तपेशी म्हणतात, तर कोणी त्वचेवरून पसरलेला विद्युतप्रवाह. रक्तवाहिन्यांचा नकाशा ही समजूत मात्र टिकत नाही. ती भाजल्याची खूण नाही, साधारण एकदोन दिवसांत पुसट होऊन जाते, तिला मलम लागत नाही, मात्र निदानाला तिचा फार उपयोग, म्हणून लगेच फोटो काढावा.

पुढे विसराळूपणा, झोप बिघडणं, अंगदुखी राहू शकते. मोतीबिंदू तर काही महिन्यांनीही येतो, त्यामुळे डोळ्यांची नोंद पहिल्या दिवशीच करून ठेवतात आणि रुग्णाला पुन्हा बोलावतात.