विचारपूर्वक बोलणे (हिब्रू ज्ञानसाहित्य)

उत्तर ओठांवर येण्याआधी ते मनात घोळवावे, ही नीतिसूत्रे, उपदेशक आणि बेन सिरा या हिब्रू ग्रंथांतली शिकवण. तिचे मुख्य वचन नीतिसूत्रे १५:२८ (अध्याय १५, वचन २८) : नीतिमानाचे हृदय उत्तरासाठी मनन करते, दुष्टांचे तोंड वाईट ओतते. मुळात 'ला-अनोत' (उत्तर देणे) आणि 'रा-ओत' (वाईट गोष्टी) असे यमक साधले आहे. शिवाय दुष्टाच्या वाट्याला हृदय दिलेलेच नाही. त्याचे बोलणे थेट तोंडातून सुरू होते. 'लेव्ह' म्हणजे हृदय हे हिब्रूत बुद्धीचेही ठिकाण आहे, हे विसरले तर वचनाचा रोख चुकतो.

'मनन' हा शब्दही थोडा फसवा आहे. मूळ क्रियापद 'हागा'. कबुतराचे घुमणे (बायबलातील यशया ग्रंथ, ३८:१४), शिकारीवरच्या सिंहाची गुरगुर (यशया ३१:४) आणि पहिल्या स्तोत्रातले नियमशास्त्राचे रात्रंदिवस पठण, या सगळ्यांना हेच क्रियापद लागते. त्यामुळे येथे मूक चिंतनापेक्षा शब्द पुटपुटून पारखणे अधिक जवळचे वाटते. दुष्टांच्या बाजूचे 'यब्बिआ' (ओतते) हे उसळत्या पाण्याचे क्रियापद आहे.

घाई कुठे नडते, तेही ग्रंथ सांगतात. पुरते न ऐकता उत्तर देणे हा मूर्खपणा (नीतिसूत्रे १८:१३). चारच वचनांनंतर त्याला पूरक असे कारण येते : वादात पहिल्या पक्षाचे म्हणणे खरेच वाटते, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. नवस बोलून मग विचार करणे हा सापळा (२०:२५). उपदेशकही देवापुढे मोजके बोलायला सांगतो. हे वचन हिब्रू प्रतीत ५:१, मराठी बायबलात ५:२.

मात्र गप्प राहणे हा सरसकट नियम नाही. मुक्यासाठी तोंड उघडावे लागते (नीतिसूत्रे ३१:८). इ. स. पू. १८०च्या सुमाराचा बेन सिरा म्हणतो, ठाऊक असेल तर उत्तर दे, नसेल तर तोंडावर हात ठेव. मिश्ना या यहुदी परंपरेच्या संग्रहातील 'आवोत' नावाच्या भागाच्या पाचव्या अध्यायात शहाण्याची सात लक्षणे आहेत. मध्येच न तोडणे, उत्तराची घाई न करणे, पहिल्याचे आधी व शेवटचे शेवटी बोलणे, न ऐकलेल्याबद्दल 'ऐकले नाही' म्हणणे ही त्यांतली.

खरी अडचण नीतिसूत्रे २६:४-५ मध्ये आहे : मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि लगेच, दे. या विसंगतीमुळे नीतिसूत्रे बाजूला ठेवण्याचा विचार झाल्याचे तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ नोंदवतो (त्यातील 'शब्बात' हा भाग, पान ३०ब). तोडगा असा निघाला : तोराचा (नियमशास्त्राचा) विषय असेल तर उत्तर द्यावे, व्यवहाराचा असेल तर देऊ नये.